नाव जुने, गिऱ्हाईक नवे

टाटा मोटर्सने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'सिएरा' या नावाची मोटार पुन्हा बाजारात आणली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांत जो वाद रंगला तो बव्हंशी एका काचेविषयीचा होता. १९९१ साली पुण्याच्या 'टेल्को'ने काढलेल्या मूळ सिएराच्या मागच्या बगलेची काच वर छतापर्यंत वळत गेलेली होती आणि तिला बाजूचे दोनच दरवाजे होते. नव्या गाडीला बाजूंनी चार दरवाजे आहेत आणि वळणदार काचेचा केवळ भास काळ्या पट्ट्यांच्या साहाय्याने निर्माण केलेला आहे. ही सिएराच नव्हे, असे एक पक्ष म्हणतो. तीस-पस्तीस वर्षांनंतर तेच शिल्प हुबेहूब आणणे शक्य नाही, नाव जिवंत राहिले हेच पुष्कळ, असे दुसरा पक्ष म्हणतो.

त्रयस्थाला हा वाद पोरकट वाटणे साहजिक आहे. परंतु या वादाच्या पोटात अर्थशास्त्राचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ सिएरापुरता नाही. गेल्या पाव शतकाहून अधिक काळ युरोपातील तीन अत्यंत लोकप्रिय मोटारींच्या बाबतीत तो सतत चर्चिला जात आहे. जर्मनीची 'बीटल', इंग्लंडची 'मिनी' आणि इटलीची 'फियाट ५००' या त्या तीन गाड्या होत. जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन म्हणजे नेमके कशाचे पुनरुज्जीवन, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या गाड्या मुळात का जन्मल्या, हे पाहिले पाहिजे.

टंचाईची अपत्ये

१९५६ च्या जुलैमध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. पुढील युद्धात कालवा बंद पडला आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. लोक तीन चाकांच्या, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या जर्मन गाड्या विकत घेऊ लागले. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी अभियंता अलेक इसिगोनिस यांच्यावर एक कामगिरी सोपविली. इंजिन कारखान्यात तयार असलेलेच वापरायचे आणि शक्य तितकी छोटी, पण खरीखुरी मोटार बनवायची. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसविले, गिअरपेटी त्याच्या खाली तेलाच्या टाकीतच घातली आणि चाके अवघ्या दहा इंचांची घेतली. दहा फूट लांबीच्या गाडीत चार मोठी माणसे बसू लागली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ही मिनी बाजारात आली, तेव्हा करासह तिची किंमत पाचशे पौंडांहून कमी होती.

बीटलची कथा अधिक विचित्र आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी तिची रचना नाझी राजवटीत केली. दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून ९९० मार्क जमवावेत आणि मोटार घ्यावी, अशी योजना सरकारने काढली. तीन लाखांहून अधिक जर्मनांनी तिकिटे चिकटविली. परंतु कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली वोल्फ्सबुर्गचा कारखाना सुरू झाला आणि मगच ही गाडी खऱ्या अर्थाने लोकांची झाली. तिचे इंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होत असे. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पाणी गोठण्याची भीती नव्हती आणि बिघडण्यासारखे भागही कमी होते. १९७२ साली तिने फोर्डच्या 'मॉडेल टी'चा दीड कोटी गाड्यांचा विक्रम मोडला.

इटलीत अख्खी कुटुंबे स्कूटरवरून प्रवास करीत होती. त्यांना छप्पर मिळावे म्हणून दान्ते जाकोसा यांनी १९५७ साली ४७९ घन सेंटिमीटर इंजिनाची, तीन मीटरांहूनही आखूड फियाट ५०० तयार केली.

या तिन्ही गाड्यांत एक साम्य आहे. पेट्रोल नाही, पैसा नाही, पोलाद महाग, रस्ते अरुंद आणि कुटुंब चार जणांचे, अशा अडचणींना दिलेले ते उत्तर होते. त्यांचा जो आकार आज गोजिरवाणा म्हणून वाखाणला जातो, तो त्या उत्तरातून आपोआप निघाला. बीटलची पाठ गोल होती, कारण तिच्याखाली इंजिन होते. मिनीची चाके चार कोपऱ्यांना ढकललेली होती, कारण मधली जागा माणसांसाठी हवी होती.

एक कारखाना, दोन गाड्या

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. १९९८ साली फोक्सवॅगनने 'न्यू बीटल' आणली. तिची पाठही गोलच होती, पण त्या पाठीखाली इंजिन नव्हते. 'गोल्फ' या नेहमीच्या गाडीचा सांगाडा घेऊन, पाण्याने थंड होणारे इंजिन पुढे बसवून, वरून जुन्या घाटाचा पत्रा चढविलेला होता. गोल छपरामुळे मागे बसणाऱ्याचे डोके टेकू लागले आणि चालकासमोर हातभर रुंदीचा निरुपयोगी फळा तयार झाला. त्यावर कंपनीने फुले ठेवण्यासाठी एक छोटी फुलदाणी बसविली. जुन्या गाडीत जो आकार सोयीतून निर्माण झाला होता, तोच आकार नव्या गाडीत गैरसोय करू लागला.

याहून बोलका पुरावा मेक्सिकोतील प्वेब्ला या शहरात मिळतो. जगभर निर्यात होणारी न्यू बीटल तेथील कारखान्यात बनत असे. आणि त्याच कारखान्यात ३० जुलै २००३ पर्यंत जुनी बीटलही बनत होती. म्हणजे सुमारे पाच वर्षे एकाच फाटकातून दोन्ही गाड्या बाहेर पडत होत्या. जुनी बीटल मेक्सिको शहरातील टॅक्सीवाल्याकडे आणि बेताच्या कमाईच्या कुटुंबाकडे जाई. नवी बीटल अमेरिकेतील अशा गिऱ्हाइकाकडे जाई, ज्याला तरुणपण आठवत होते आणि त्या आठवणीचे मोल देण्याची ऐपत होती. नाव एकच असले तरी पहिली गाडी गरज भागवीत होती आणि दुसरी स्मृती जागवीत होती. जुनी बीटल थांबली तेव्हा तिची एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली होती. न्यू बीटल आणि तिची पुढली आवृत्ती मिळून २०१९ पर्यंत चालली आणि मग तीही बंद झाली.

मिनीचे तसेच झाले. बीएमडब्ल्यू कंपनीने १९९४ साली रोव्हर समूह घेतला, २००० साली तो तोट्यामुळे विकून टाकला. परंतु मिनी हे नाव मात्र स्वतःकडे ठेवले. २००१ ची नवी मिनी जुनीपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक लांब होती. आज याच नावाने विकली जाणारी 'कंट्रीमन' सव्वाचार मीटरांहूनही लांब आहे. 'मिनी' या शब्दाचा अर्थ छोटी असा होतो, हे आता विसरावे लागते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे

नव्या गाड्यांच्या समर्थकांची बाजू दुबळी नाही. जुन्या मिनीचा नाजूक पत्रा आजच्या अपघात-चाचण्यांत टिकणार नाही. हवेच्या पिशव्या, मजबूत खांब, धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांची सक्ती कायद्यानेच केलेली आहे आणि त्यातून माणसांचे प्राण वाचतात. गाडी लांब व जड झाली ती काही केवळ हौसेखातर नव्हे. शिवाय नव्या मिनीने वळणावर चपळपणे वळण्याचा जुना गुण जपला आणि ऑक्सफर्डनजीकच्या काउली येथील कारखान्यातील रोजगार टिकविला. २००७ साली, मूळ गाडीच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, फियाटने नवी '५००' आणली आणि नुकत्याच मोठ्या संकटातून सावरलेल्या त्या कंपनीला बळ मिळाले. या गोष्टी नाकारता येणार नाहीत.

जुन्याच्या कैवाऱ्यांचे म्हणणे मात्र अनेकदा चुकीच्या शब्दांत मांडले जाते, म्हणून ते हास्यास्पद ठरते. काच वळलेली नाही, दिवे गोल नाहीत, अशी तक्रार ते करतात. खरे पाहता त्यांना बोचत असलेली गोष्ट वेगळी असते. ज्या नावाशी साधेपणा, काटकसर आणि कल्पकता जोडलेली होती, त्या नावाची किंमत घेऊन हे तिन्ही गुण मात्र दिले जात नाहीत, ही ती बोच आहे. आपल्याकडे २०२१ साली 'सफारी' या नावाचे जे झाले, त्यात ती स्पष्ट दिसली. १९९८ ची सफारी ही दणकट सांगाड्याची गाडी होती आणि चारही चाकांना शक्ती पुरविणारी तिची आवृत्ती मिळत असे. २०२१ ची सफारी म्हणजे कंपनीच्याच 'हॅरियर' गाडीला मागे आणखी एक रांग जोडून तयार केलेली, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी होती. ती वाईट होती असे कोणी म्हणत नाही; परंतु ते नाव तिने कमावलेले नव्हते.

नावाचे भांडवल

कंपन्या हे का करतात, याचे उत्तर भांडवलाच्या हिशेबात आहे. नवे नाव लोकांच्या मनावर ठसवायचे तर जाहिरातीवर वर्षानुवर्षे पैसा ओतावा लागतो आणि तरीही यशाची शाश्वती नसते. जुने नाव आयतेच ठसलेले असते. त्या नावाची किंमत किती असू शकते, हे २०१७ साली दिसून आले. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथील कारखान्यात 'अँबॅसडर'चे उत्पादन २०१४ साली थांबविले होते. तीन वर्षांनंतर फ्रान्सच्या प्यूजो समूहाने ८० कोटी रुपये मोजले, ते या बंद पडलेल्या गाडीच्या केवळ नावासाठी आणि व्यापारचिन्हासाठी!

हे भांडवल कोणी निर्माण केले? कायद्याने ते कंपनीचे आहे. परंतु अँबॅसडरची किंवा पद्मिनीची जी प्रतिमा लोकांच्या मनात आहे, ती घडविली टॅक्सीवाल्यांनी, गल्लीबोळांतील मेस्त्रींनी, आणि एका गाडीत आठ जणांना कोंबून गावच्या लग्नाला नेणाऱ्या कुटुंबांनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची गाडी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली, तेव्हा शहराला वाईट वाटले. पद्मिनी बनविणाऱ्या कुर्ल्याच्या कंपनीसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. नावातील जिव्हाळा समाजाने निर्माण करायचा आणि त्याचा मोबदला नावाच्या मालकाने घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. तो बेकायदेशीर नाही. पण तो व्यवहार आहे हे ओळखून गिऱ्हाइकाने त्यात पडावे.

रांगेचा विसर

येथे आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या चाहत्यांनाही एक गोष्ट सुनवावी लागेल. बीटल आणि मिनी या स्पर्धेत उतरून लोकप्रिय झाल्या. आपली पद्मिनी, अँबॅसडर आणि 'चेतक' स्कूटर यांना लोकप्रियता मिळाली ती परवाना-पद्धतीच्या आश्रयाने. उत्पादन किती करायचे हे सरकार ठरवी आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाही. चेतकचा नंबर लागला की ती घराबाहेर न काढता 'ऑन'ने विकणारेही होते. कारखानदाराला गाडी सुधारण्याची गरज वाटत नव्हती, कारण न सुधारता ती खपत होती. आज त्या काळाविषयी हळवे होताना स्कूटर कलती करून मगच किक मारण्याचा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. रांगेतील मनस्ताप मात्र सांगायचा राहून जातो.

तरीही त्या गाड्यांचा एक गुण खरा होता. त्या कोठेही दुरुस्त होत आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत. एकदा घेतलेली चेतक पंधरा-वीस वर्षे पुरे आणि वडिलांकडून मुलाकडे जाई. २०२० साली बजाजने विजेवर चालणारी नवी चेतक विक्रीस काढली. तिने पत्र्याचे अंग आणि जुने वळण राखले हे खरे. परंतु तिची सुरुवातीची किंमत एक लाख रुपये होती आणि ती गल्लीतल्या मेस्त्रीच्या हाती देण्यासारखी राहिलेली नाही. येथेही नाव परत आले आणि गिऱ्हाईक बदलले.

खरी वारसदार

मिनी आणि बीटल यांच्यामागील हेतूचा वारसा कोणी चालविला असेल, तर तो 'नॅनो'ने. २००८ च्या जानेवारीत ती जगापुढे आली. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांच्या मनात ती कल्पना आली होती. लांबी सुमारे तीन मीटर, इंजिन ६२४ घन सेंटिमीटर, आसने चौघांची आणि घोषित किंमत एक लाख रुपये. इसिगोनिस आणि जाकोसा यांना ही गाडी आपलीशी वाटली असती. तिला जुने नाव नव्हते की जुना आकार नव्हता. जुना प्रश्न मात्र तिने नव्याने सोडवायला घेतला होता.

ती अपयशी ठरली आणि दहा वर्षांत तिचे उत्पादन आटोपले. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवावा लागला, विलंब झाला, काही गाड्यांना आगी लागल्याने विश्वास डळमळला, किंमतही चढत गेली. परंतु या सर्वांहून एक कारण अधिक खोल आहे. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का तिच्यावर बसला आणि तो शिक्का मिरविण्याची कोणाची इच्छा नव्हती, हे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. प्रदर्शनासाठी होणाऱ्या उपभोगाविषयी व्हेब्लेन यांनी १८९९ साली जे लिहिले, ते येथे उलट्या बाजूने खरे ठरले. मिनीचीही सुरुवात मंदच झाली होती. पण साठच्या दशकात श्रीमंत व नामवंत मंडळी ती चालवू लागली, मोंते कार्लोच्या शर्यतीत तिने मोठ्या गाड्यांना मागे टाकले आणि ती कोणत्याच एका वर्गाची उरली नाही. ते भाग्य नॅनोच्या वाट्याला आले नाही. मिनीच्या साधेपणाचे गोडवे गाणारा वर्ग नॅनोच्या साधेपणाकडे फिरकला नाही. साधेपणाला पन्नास वर्षे लोटली आणि त्याची किंमत वाढली, म्हणजेच तो आवडू लागतो, हे या आवडीतील व्यंग आहे.

मोकळी पडलेली जागा

याचा संबंध मध्यमवर्गीय वाचकाशी थेट पोहोचतो. १९८३ साली आलेल्या 'मारुती ८००' ने शिक्षक-कारकुनांच्या घरापुढे प्रथमच मोटार उभी केली. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. २०२५ साली नवी सिएरा आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत अकरा लाख एकोणपन्नास हजार होती. सातव्या वेतन आयोगाने ठरविलेले केंद्र सरकारी नोकराचे किमान मूळ वेतन दरमहा १८ हजार रुपये. महागाई भत्ता सोडून हिशेब केला, तर त्या नोकराच्या पाच वर्षांहून अधिक काळाच्या मूळ वेतनाएवढी ती किंमत होती. सिएरा १९९१ सालीही चैनीचीच होती, हे येथे सांगितले पाहिजे. चिंता वाटते ती बाजारातील उत्साह, जाहिरात आणि चर्चा याच श्रेणीभोवती गोळा होते याची. ज्या श्रेणीत कधी मारुती ८०० होती, तेथे नवे काही घडावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे याची.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने चार मीटरांच्या आतील, छोट्या इंजिनांच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला आणि मोठ्यांवर ४० टक्के ठेवला. दिशा योग्य आहे. परंतु करकपातीने किंमत उतरते. नवी रचना काही जन्माला येत नाही. सुरक्षितता आणि शुद्ध हवा यांच्या अटी पाळूनही चौघांना स्वस्तात कसे नेता येईल, हा प्रश्न आज १९५६ पेक्षा अवघड आहे. त्याचे उत्तर कदाचित मोटारीत नसेलही. वेळेवर येणाऱ्या बसमध्ये किंवा रेल्वेत असेल. पण प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांचा मार्ग स्वच्छ आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना स्वतंत्र नोंदणी दिली आणि रोजच्या वापरास मनाई केली. म्हणजे कायद्याने त्यांना ठेवा मानले. ती हौस स्वतःच्या खिशातून केलेली असते आणि तिच्यामुळे इतिहास शाबूत राहतो. पुनरुज्जीवित गाड्या घेणाऱ्यांनाही दोष देण्याचे कारण नाही. ज्याला परवडते त्याने आठवण विकत घ्यावी. मात्र काच वळलेली आहे की नाही, यावरून पुनरुज्जीवनाची पारख करणे आता सोडून द्यावे. जुन्या गाडीत जो बसत होता, त्याला नव्या गाडीत जागा आहे काय, हे आधी पाहावे. बीटल, मिनी, सफारी आणि चेतक यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आजवर तरी नकारार्थी आलेले आहे.